अंपायर, सावलीला बॉलिंग चालते का

भात झोडून झालं की आमच्या भागात रिकाम्या शेतांवर टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याला लागलात की सापगावचा पूल ओलांडल्यापासून कुठल्या ना कुठल्या चषकाची कमान दिसत राहते. आमच्या गावची स्पर्धा सरपंच चषक म्हणून भरते, आणि त्या वर्षी सरपंच मी होते. जागा बायकांसाठी राखीव निघाली, उभी राहिले, निवडून आले. नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की सह्या मी करणार आणि खुर्चीवरही मीच बसणार. भाताची गिरणी मी एकटीने चालवते, तर पंचायत चालवायला काय होतं?

क्रिकेटमधलं मला फार कळत नाही. पण एवढं कळलं होतं की आता लोक मॅच बघायला येत नाहीत, ऐकायला येतात. हा बदल एका माणसाने केला. मुरबाडच्या बाजूचा समालोचक. पूर्वी एका खाजगी शाळेत शिपाई होता. आवाज भारदस्त, जीभ वळवळती. नोकरी सोडून त्याने नुसता माईक धरला. क्रिकेटच्या दिवसांत स्पर्धा, लग्नसराईत हळदी, निवडणुकीत प्रचाराची रिक्षा. माझ्या प्रचाराची रिक्षाही त्यानेच फिरवली होती. त्याचं घर ह्या माईकवर चालत होतं, दुसरं काही नव्हतं. स्पर्धा मोबाइलवर लाइव्ह दिसायला लागल्यापासून तो शहापूर, मुरबाड दोन्ही तालुक्यांत आमदारापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता.

त्याची खासियत म्हणजे तो खेळाडूंना नावं ठेवायचा. जाडजूड ओपनर होता, त्याला ड्रम. एका विकेटकीपरच्या हातून सगळं सुटायचं, त्याला उघडं फाटक. हे नाव एकदा पडलं की पडलं. टी-शर्टच्या पाठीवर तेच छापून यायचं, लग्नपत्रिकेवर खऱ्या नावापुढे कंसात तेच. घरची माणसं सोडली तर खरं नाव कोणाच्या तोंडात राहायचं नाही. आपल्याला नाव पडावं म्हणून पोरं झुरायची. नाव पडलं म्हणजे आपण खेळाडू झालो, असं त्यांना वाटायचं.

त्या वर्षी स्पर्धा गुरुवारी सुरू झाली, शनिवारी खेळाला सुट्टी, सेमीफायनल आणि फायनल रविवारी होती. शुक्रवारी दुपारी आमच्याच ग्रामपंचायतीतल्या एका पाड्याची टीम खेळत होती. पाडा वर डोळखांबच्या अंगाला आहे, आदिवासींची घरं. त्यांचा एक बॉलर होता, विशीतला, सडसडीत, रंगाने काळा कुळकुळीत, आणि बॉल असा टाकायचा की बॅट खाली येईपर्यंत स्टंप गेलेला. तो रनअप घ्यायला लागला आणि समालोचक माईकवर म्हणाला, "सूर्य डोक्यावर हाय, पण मैदानात एक सावली धावतेय. अंपायर, सावलीला बॉलिंग चालते का? जरा बुक बघून सांगा." मंडपात हशा पिकला. हशा पिकला की हा माणूस थांबत नाही. पुढच्या बॉलला म्हणाला, "बॅट्समन, बॉलरकडं बघू नको, दात दिसले की बॅट फिरव." आणि त्याच्या पुढच्या बॉलला, "कोळशाच्या भट्टीवरनं डायरेक्ट ग्राउंडवर. अंघोळीला टाइम नाय भेटला."

मी तेव्हा मंडपामागे पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होते. हसण्याचा आवाज ऐकला, कशावरून ते नाही.

शनिवारी सकाळी पाड्यावरची सदस्य गिरणीवर आली. पंचायतीच्या सभेत ती माझ्या शेजारी बसते. कमी बोलते, पण बोलली की ग्रामसेवक पेन खाली ठेवून ऐकतो. तो बॉलर तिच्या बहिणीचा मुलगा. गिरणी चालू होती. ती दारात उभी राहिली आणि हाताने खूण केली.

"मोटार बंद करा, सरपंचताई. मला वरडून बोलायचं नाय."

मी मोटार बंद केली. भात घेऊन आलेल्या दोघांना बाहेर बसायला सांगितलं. तिने फोन पुढे केला. तिन्ही वाक्यं एकापुढे एक जोडून कोणी तरी रील केलं होतं, खाली हसण्याची चित्रं आणि मागे ढोल. शहापुरातल्या, कल्याणातल्या, कुठल्या कुठल्या लोकांनी बघितलं होतं. बॉलरचं नाव त्यात कुठेच नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत 'सावली' लिहिलं होतं.

मग तिने सांगितलं की पोराचे आईबाप दिवाळीनंतर खरोखरच भट्टीवर गेलेत, कोळसा पाडायला, दर वर्षी जातात. तिथे मुकादमाने बापाला बोलावून हे दाखवलं. "पोराची बॉलिंग दाखवतो म्हनून बोलावला. म्हनून बाप हात पुसून गेला बघायला. न ऐकायला भेटलं हे."

मी विचारलं, पोरगा काय म्हणतो? तर तो फोन घरी टाकून सकाळीच रानात गेला होता.

"उद्या हा मानूस माईकवर नको," ती म्हणाली. "असंल तर आमची टीम उतरनार नाय. न मी तुमच्या शेजारी बसनार नाय, मंडपात नाय न पंचायतीत पन नाय."

मी तिला म्हटलं की दुपारपर्यंत थांब. ती म्हणाली, थांबते, आणि निघाली. मी मोटार पुन्हा चालू केली, पण त्या दोघांचं भात भरडताना तांदळात कणी जास्त पडली. लक्ष नव्हतं.

दुपारी पंचायतीच्या हॉलमध्ये स्पर्धेच्या कमिटीची पोरं बोलावली. भिवंडीच्या गोदामांत, आसनगावच्या कंपन्यांत कामाला जाणारी ही पोरं, वर्षभर ह्या चार दिवसांची वाट बघतात. त्यांचं सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: त्याला काढलं तर लाइव्ह कोण बघणार? आणि ती मस्करी होती, ह्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

"ड्रमला विचारा ना, काकी," त्यांचा अध्यक्ष म्हणाला.

ड्रम तिथेच बसला होता. हसून म्हणाला, "मला तर आवडतं. सासुरवाडीला पन ड्रमच म्हणतात."

मी त्याला विचारलं, तुझा भाऊ जाड आहे का? नाही. आई? नाही. पोरगी? ती तर काडी आहे, तो म्हणाला.

"मग ड्रम तू एकटा. तुला चिडवलं तर तुझ्या पोटापाशी थांबतं. त्याला भट्टीवरचा म्हटलं की त्याचे आईबाप आले, मावशी आली, पाड्यावरचं पाळण्यातलं पोरसुद्धा आलं. ते पोर काय व्यायाम करून गोरं होणार आहे?"

ड्रमने टी-शर्ट पोटावर खाली ओढला. पण कोपऱ्यातला एक जण बोलला, आणि तो बोलला ते खोटं नव्हतं. तो म्हणाला, "काकी, त्याची भाकरी हाय ती. आपण काढलं तर बाकीचे पन काढतील. एका वाक्यापायी मानूस घरी बसंल. त्याच्या घरी म्हातारी हाय, दोन पोरी शिकतायत."

हे मला सकाळपासून टोचत होतं. माझ्या हातात एका दिवसाचा माईक होता, पण आमची कमान तालुक्यात मोठी मानतात. आम्ही काढलं की ते नुसतं आमच्यापुरतं राहणार नव्हतं.

तेवढ्यात दोन तरुण आले, शहापूरच्या एका युवक मंडळाचे. नीट बोलले. त्यांनी एक अर्ज आणला होता: दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या स्पर्धांच्या आयोजकांनी लिहून द्यावं की ह्या माणसाला पुन्हा कधीच, कुठेच माईक देणार नाही. माझी सही पहिली हवी होती. मी म्हटलं, ठेवून जा, वाचते. ते म्हणाले, वाचण्यासारखं त्यात काय आहे, ताई? मी म्हटलं, मी विजेचं बिलसुद्धा वाचल्याशिवाय भरत नाही.

ते गेल्यावर अध्यक्षाने मला फोनवरच्या कमेंट दाखवल्या. निम्मे लोक समालोचकाला शिव्या घालत होते, कोणी तर त्याच्या पोरींची शाळा कुठली ते विचारत होता. बाकीचे निम्मे पाड्यावरच्यांना सांगत होते की एवढं लागतं तर घरी बसा. ह्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते, आणि मला खात्री आहे की ह्यातल्या एकानेही आमचं मैदान बघितलेलं नव्हतं. फोन परत दिला आणि म्हटलं, हे मला परत दाखवू नकोस. ठरवायचं आपल्याला आहे.

उन्हं कलायच्या सुमाराला समालोचक स्वतः माझ्या घरी आला. गळ्याला मफलर, कारण गळा हाच त्याचा धंदा. पाणी दिलं, प्यायला नाही. दोन आयोजकांनी आधीच फोन करून त्याला यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ओटीच्या कडेला बसून म्हणाला, "ताई, माझ्या मनात तसं काय नव्हतं."

"मनातलं कोणाला ऐकू आलं? लोकांनी माईकवरचं ऐकलं."

"मी पन काय गोरा नाय. बघा ना माझ्याकडं."

तो खरोखरच गोरा नव्हता. मी म्हटलं, मग स्वतःला का नाही म्हणालास सावली?

त्याने मफलर सैल केला, परत आवळला. मग त्याने माझ्या निवडणुकीत घसा फोडल्याची आठवण काढली. मी म्हटलं, त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते. आता काय करायचं ते बोल. तो म्हणाला, तुम्ही सांगा. मी म्हटलं, पाड्यावर जा. त्या पोरासमोर उभा राहा, त्याच्या मावशीसमोर उभा राहा आणि जे बोलायचं ते तोंडावर बोल. हवं तर मी बरोबर येते.

तो घाबरला. पाड्यावरची पोरं अंगावर येतील म्हणाला. त्यापेक्षा व्हिडिओ करतो, व्हिडिओ सगळ्यांपर्यंत जातो, जिथं ती रील गेली तिथं माफी पन जाईल. बोलण्यात तथ्य होतं. मी म्हटलं, कर. पण आधी पाडा. त्याने मान हलवली आणि मोटारसायकलला किक मारली. गाडी मुरबाडच्या दिशेने वळली. पाडा त्या दिशेला नाही.

कणीक मळत होते तेव्हा सुनेने व्हिडिओ आणून दाखवला. वाटेतल्या कुठल्या तरी झाडाखाली थांबून केलेला. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, आणि पाणी खरं होतं, मी त्याला ओळखते. तो म्हणत होता की विनोदाच्या ओघात तोंडातून गेलं, पाड्यावरच्या सगळ्या आईबहिणींची मी माफी मागतो. आणि मग शेवटी: "आणि माझा लहान भाऊ, आपला सगळ्यांचा लाडका सावली, तुझं मन दुखावलं असंल तर मला मोठ्या मनानं माफ कर."

सून म्हणाली, रडला हो बिचारा. मी कणकेच्या हातानेच तिच्याकडून त्याला फोन लावून घेतला.

"त्याचं नाव काय?" मी विचारलं.

"कोणाचं, ताई?"

"ज्याची माफी मागितलीस त्याचं."

तो हळू म्हणाला, "सगळे सावलीच म्हणतात ना आता."

"गुरुवारी काय म्हणत होते?"

त्याला माहीत नव्हतं. दोन दिवस तो त्या पोराचा प्रत्येक बॉल सांगत होता, हात कुठून येतो, टप्पा कुठे पडतो, बोटं कशी फिरतात. हजारो लोकांना ते ऐकू जात होतं. पण पहिल्या दिवशी तो पाड्याचा पोरगा होता आणि दुसऱ्या दिवसापासून सावली. बाकी खेळाडूंच्या बाबतीतही त्याला स्वतः ठेवलेलं नावच माहीत असायचं, हे खरं. ड्रमचं खरं नाव विचारलं असतं तरी तो अडखळला असता. पण ड्रमची माफी मागायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

तोवर माझं ठरत नव्हतं. तेव्हा ठरलं. मी त्याला सांगितलं की उद्या माईक तुझ्याकडे नाही.

"कायमचा काढताय, ताई?"

"मी उद्याचं सांगतेय."

त्याने फोन ठेवला. मी चपात्या लाटायला घेतल्या.

मला नंतर पुष्कळांनी विचारलं, एका विनोदासाठी माणसाचं काम काढायचं का? मी त्यांना गिरणीवरचं सांगते. मशीनवरचा माणूस पिऊन आला तर मी त्याला पट्ट्याजवळ उभा करत नाही. तो चांगला आहे की वाईट, त्याच्या घरी खायला आहे की नाही, ते त्या क्षणी बघायचं नसतं. पट्ट्यात दुसऱ्याचा हात जाईल, एवढंच बघायचं. त्याला घरी पाठवायचं. पण त्याने तालुक्यातल्या कुठल्याच गिरणीवर पुन्हा पाय ठेवू नये असं मी लिहून देत नाही. ते लिहायला मला त्याचं पुढचं सगळं आयुष्य माहीत असायला हवं.

रविवारी पाड्याची टीम उशिरा आली, पण आली. पिकअपमधून उतरली आणि कोणाशी न बोलता मैदानाच्या लांबच्या कडेला बसली. मावशी माझ्या शेजारी येऊन बसली. माईक ड्रमकडे दिला होता, त्याची टीम आधीच हरली होती म्हणून तो रिकामा होता. प्रत्येक बॉलला तो "चांगला बॉल" म्हणायचा, विकेट पडली तरी आणि षटकार गेला तरी. लोक जांभया द्यायला लागले. मंडपामागे मोटारसायकलला टेकून मफलरवाला उभा होता. मैदान काही माझ्या बापाचं नाही, म्हणून मी त्याला हाकललं नाही.

पाड्याच्या टीमने सेमीफायनल जिंकली. फायनलला तो बॉलर पहिली ओव्हर टाकायला आला आणि समोरच्या बांधावर बसलेल्या पोरांनी सुरू केलं: सा-व-ली, सा-व-ली, टाळ्यांच्या ठेक्यात. आधी पाचदहा होती. मग बांध ओरडायला लागला, मग मंडपाच्या बाजूचीही. त्यातली काही त्याच्या बाजूने ओरडत होती, काही चिडवत होती, काही नुसती टाळी जमतेय म्हणून. कानाला सगळं सारखंच येत होतं.

बॉलर रनअपच्या खुणेवर थांबला. बॉल त्याने पाठीमागे धरला होता. ड्रम माईकवर म्हणाला, "वरडू नका रे," आणि त्याचा आवाज असा पडेल होता की पोरं आणखी जोरात ओरडली. कॅप्टन जवळ गेला. अंपायर गेला. पोरगा कोणाकडे बघत नव्हता. पाड्याच्या बाजूला बसलेली माणसं उठून उभी राहिली, आणि मला दिसलं की दोघातिघांच्या हातात स्टंप आहेत. आता ह्या मैदानावर डोकी फुटायला एक शब्द पुरला असता.

"ताई." मफलरवाला माझ्या खुर्चीमागे आला होता. "दोन मिनिटं माईक द्या. माझं ऐकतील."

मी मावशीकडे बघितलं. त्याचं खरोखर ऐकतील, हे तिलाही माहीत होतं. तिने त्याच्याकडे मान वळवली नाही.

"त्यानंच चिकटवलंय, त्यालाच काढू दे," ती मला म्हणाली. "पन नाव म्हाईत हाय का, आधी इचारा."

मला विचारावं लागलं नाही. त्याने नाव सांगितलं. पोराचं, बापाचं, आडनाव, पाड्याचं नाव, सगळं एका दमात. कुठून मिळवलं ते मी विचारलं नाही.

ड्रमकडून माईक घेऊन त्याच्या हातात दिला. त्याने घसा खाकरला नाही, फुंकर मारली नाही. "ए," एवढंच म्हणाला, आणि बांध थांबला. खरोखर थांबला. मग त्याने ते नाव बापासकट, आडनावासकट घेतलं आणि म्हणाला, "हा बॉलरचा नाव. दुसरा जो होता तो मी ठेवला होता, मी परत घेतला. आता कोणी घ्यायचा नाय. जो घेईल त्यानं आधी इथं येऊन माझ्याशी बोलायचं."

पोराने बॉल पुढे घेतला, खाली बघत दोन पावलं मागे गेला आणि धावला. स्टंप उडाला.

आणि तिथे समालोचकाच्या आतली मोटार पट्टा धरून फिरायला लागली. "आणि हे काय बघतोय आपण! डोळखांबच्या डोंगरावरनं सुटलेला वारा, बॅट्समनला इचारा, बॉल लागला कुठं न..." मैदान उठलं. शिट्ट्या, टाळ्या, दोन दिवसांपूर्वी होतं तेच सगळं. तो हसत नव्हता, त्याला हसायचं भानच नव्हतं. तो नुसता बोलत होता, आणि चांगलं बोलत होता. त्यात वाईट एक शब्द नव्हता. मावशीने आता पहिल्यांदाच मान वळवली, पण त्याच्याकडे नाही. माझ्याकडे.

मी हात पुढे केला. "बास. नाव परत घ्यायला दिला होता, झालं. दे इकडे."

त्याने तळव्याने माईक झाकला. "ओव्हर तरी पुरी करू द्या, ताई."

"नाही."

त्याने समोरच्या बांधाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. माईक दिला. लोकांना कळलं काय झालं ते, आणि जो आरडाओरडा झाला तो सगळा माझ्या नावाने झाला. मी तो ऐकून घेतला. ड्रमने पुढचा बॉल चांगला बॉल म्हणून सांगितला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात गेला.

पाड्याची टीम थोडक्यात हरली.

युवक मंडळाच्या त्या अर्जावर मी सही केली नाही. मावशीने केली. त्यावरून आमचं दोघींचं पंचायतीच्या पायरीवर भांडण झालं, आणि आम्ही दोघींनी आवाज चढवला नाही म्हणून ते जास्त लागलं.

मी म्हटलं, "जन्माची बंदी घालायला मी कोण?"

ती म्हणाली, "मंग माफ करायला मी कोन? तुमी एक रविवार काढला, ताई. भट्टीवर फोन लावते तवा मुकादम मला अजून सावलीची मावशी म्हनतो. त्याला कोन सांगनार परत घेतला म्हनून?"

तिचं हे म्हणणं मला अजून टोचतं. सही मात्र मी केली नाही.

त्या मोसमात शहापूर तालुक्यात समालोचकाला कोणी बोलावलं नाही. होळीनंतर मुरबाडच्या एकदोन स्पर्धांनी बोलावलं. हळदी चालू होत्या. काही जण म्हणाले मी त्याला बुडवला, काही म्हणाले ओळखीचा म्हणून वाचवला. बॉलर आता मुरबाडच्या एका टीमकडून खेळतो. पाठीवर आडनाव आहे. बाजारात कोणी जुन्या नावाने हाक मारली तर तो वळत नाही, असं ऐकते.

पुढच्या वर्षी स्पर्धेची तयारी सुरू झाली आणि पोरांनी पुन्हा तेच काढलं: काकी, त्याच्याशिवाय लाइव्ह पडतं. वर्ष झालं आता. मी म्हटलं, हे मी एकटी ठरवणार नाही. सभेत शेजारच्या खुर्चीला विचारलं. ती बराच वेळ पदराचं टोक दुमडत राहिली.

"बोलवा," शेवटी म्हणाली. "पन आमची टीम खेळंल तवा त्यानं खाली बसायचं. माईक बंद. आमी आमच्या नावानं खेळू, कोनी सांगितलं नाय तरी चालंल."

मी त्याला तसं कळवलं. फोनवर तो आधी खूश झाला, मग अट ऐकून थांबला.

"म्हंजे बाकीच्यांच्या टायमाला बोलायचं न त्यांच्या टायमाला गप बसायचं? लोक इचारतील ना ताई, का गप बसलाय."

"विचारू दे. सांग."

"सगळ्यांसमोर?"

"बोलतोस तर सगळ्यांसमोरच ना?"

विचार करून सांगतो म्हणाला. आठवडा गेला, त्याचा फोन आला नाही. कमान बांधायला बांबू आले, मैदानावर चुना पडला, तरी आला नाही. मी मग किन्हवलीच्या दुसऱ्या एका समालोचकाला फोन लावला, आणि पहिलं वाक्य हेच सांगितलं की खेळाडूंची नावं घरून पाठ करून ये.